ज्याची बातमी, त्याला आधी

प्रिय ताई,

मला पत्र लिहायला लावायचं तर आधी खुर्चीला बांधून ठेवावं लागेल, असं तू म्हणायचीस. आज कुणी बांधलेलं नाही आणि खुर्चीही नाही. पालथ्या बादलीवर बसलोय, मांडीवर साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर हा कागद. मध्ये उठून आवारात फेरी मारून आलो, खोटं कशाला बोलू. पण परत येऊन बसलो, याची नोंद घ्यावी. शुद्धलेखन बघू नकोस. नर्सबाईंच्या हाती लागलं तर अंकाची प्रुफं तपासतात तशा त्या लाल पेन काढून बसतील, म्हणून पहिल्यांदा तू एकटीच वाच. नंतर शिंपीकाकांच्या मागच्या खोलीत सगळ्यांसमोर वाचायचं आहेच. का, ते पुढे येईल.

फोनवर हे जमलं नसतं. फोनवर तू विचारतेस जेवलास का, मी म्हणतो हो, मग तू विचारतेस नीट जेवलास का, मी म्हणतो हो गं, आणि तेवढ्यात तुझी छकुली फोन हिसकावून मला तिच्या पडलेल्या दाताची खबर देते. आपल्या घरातली खरी बातमीदार तीच, आजीवर गेलीय, म्हणजे आपल्या आईवर. शिवाय हे माझ्या हातचंच लागणार आहे. पत्र घेऊन येतोय तो आमचा बॉयलरवाला दादा. गुडघे गेले म्हणून त्याला कायमचं घरी सोडलंय. त्याला खुर्ची दे, खाली बसवू नकोस, उठता येत नाही. आणि बोलका आहे. एकदा तापला की बॉयलरसारखाच, बंद कुठून करायचा ते आम्हालाही सापडलेलं नाही.

इथलं सांगतो. मी धुलाईच्या कारखान्यात आहे एवढं तुला ठाऊक आहे, पण डोळ्यासमोर काही येत नसणार. शहरभरच्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे येतात. एका दारातून मळक्या चादरींच्या गाड्या आत, दुसऱ्या दारातून घड्या बाहेर, आणि मध्ये वाफेत आम्ही. मी इस्त्रीच्या रुळांवर आहे. माणसापेक्षा लांब तापलेले रूळ, एकावर एक, त्यांच्या फटीत ओली चादर दोन्ही टोकं धरून सरळ सोडायची. जरा तिरकी गेली की पलीकडून चुरगळून निघते, आणि पलीकडचा माणूस माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. त्याच्या भाषेत, पण सूर कळतो. पहिल्या दिवशी त्या यंत्रासमोर उभा राहिलो आणि मला हसूच फुटलं. अगदी आपल्या छपाईच्या म्हातारीसारखं! तसंच सरळ धरून सोडायचं, तसंच पलीकडून बाहेर. फरक एवढाच की इथे सगळं कोरं निघतं. दिवसभर मी पांढऱ्यावर पांढरं छापतो. अजूनही चादर बाहेर येताना माझी नजर वरच्या कडेला जाते, मथळा सरळ आलाय का बघायला.

म्हातारीवरून आलोच आहे तर बोलून टाकतो. कित्येक आठवडे आपल्या ‘चव्हाट्या’चा अंक निघालेला नाही. मी विचारलं तर तू म्हणालीस, म्हातारी बिघडलीय, सुटा भाग मिळत नाही. मी विचारलं, कुठला भाग? तू म्हणालीस, तो रे, फिरणारा. ताई, म्हातारीत सगळंच फिरतं. त्या यंत्राशी मी माझ्या सख्ख्या माणसांपेक्षा जास्त बोललोय. शिंपीकाकांनी दुकानामागची खोली दिली, आपण तिला हातगाडीवर घालून आणली, आणि दारातून आत जाईना म्हणून काकांनी हूं की चूं न करता चौकट उखडली, तेव्हापासून तिचा खोकला मी ओळखतो. कागद दोन-दोन ओढायला लागली की रुळाखाली काकांच्या कातरणातली चिंधी सारायची, एवढंच तिचं औषध. ते छकुलीलाही माहीत आहे. तेव्हा म्हातारीवर आळ घेऊ नकोस. बिचारी मुकी आहे.

मी शाळेतून पळालो तेव्हा सगळे म्हणाले, हा वाया गेला. तू म्हणालीस, पाय चालतात ना, मग पायांचं काम देऊ. मला बसून काही जमत नाही म्हणून तू मला ते काम दिलंस जे मागच्या खोलीत दुसऱ्या कुणाला नको होतं. आईचं वाक्य होतं ना, जे माघारी बोलायचं ते आधी तोंडावर बोलून ये, मग वाटलं तर माघारी बोल. त्याचाच तू ‘चव्हाट्या’चा नियम केलास. ज्याची बातमी, त्याला आधी. छापायच्या आधी त्याच्यासमोर उभं राहायचं, अख्खी बातमी वाचून दाखवायची, तो काय म्हणतो ते त्याच्या हाताने लिहून घ्यायचं आणि परत यायचं. लोक हसले होते. सावज सावध करून शिकार करणारे हे कोण दीडशहाणे, असं त्या मोठ्या वर्तमानपत्राचा वार्ताहर म्हणाला होता. पण तू हटली नाहीस. आणि मी तर वाचायला शिकलो तेच असा. शाळेत एक ओळ वाचताना घाम फुटायचा, पण समोर पाण्याच्या टाकीवरचा पंपवाला हातात पाना घेऊन उभा असला की ओळीखालचं बोट आपोआप सरळ चालतं.

आठवतो ना पंपवाला? माझं पहिलं वाचन. खालच्या आळीला पाणी का येत नाही, ती बातमी. हा गडी दुपारी व्हॉल्व्ह बंद करून मेहुण्याच्या दुकानात बसायला जायचा. मी अडखळत सगळं वाचलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, हे सगळे वाचणार का? मी म्हटलं, ज्यांना येतं ते वाचतील, बाकीच्यांना शिंपीकाका मशीन थांबवून वाचून दाखवतात. तो पाना घेऊन माझ्या अंगावर येतोय असं वाटलं, मी दाराकडे सरकलो, तर तो माझ्या शेजारून गेला आणि व्हॉल्व्ह उघडून आला. मी धावत तुझ्याकडे. ताई, बातमी बिघडली, त्याने पाणी सोडलं! तू इतकी हसलीस की डोळे पुसावे लागले. म्हणालीस, बिघडली नाही रे, पिकली.

मग ती शिबिरवाली बाई आली. लहान पत्रांना आणि मंडळांना बळकट करणाऱ्या कुठल्याशा संस्थेची. आपण आधीच घाबरलो होतो, कारण शिंपीकाकांचं म्हणणं होतं की बळकट करायला येणारे लोक आधी तुम्ही किती अशक्त आहात ते मोजतात. तसंच झालं. हिरव्या चिठ्ठ्यांवर आपली ताकद लिहा, गुलाबी चिठ्ठ्यांवर आपली कमजोरी. काकांनी गुलाबी चिठ्ठीवर लिहिलं, ‘खुर्च्या कमी’. नर्सबाईंनी काहीच लिहिलं नाही, चिठ्ठी सरळ माझ्या शर्टाला चिकटवली. आपल्या अंकांचे गठ्ठे बसमधून पोचवणाऱ्या भाऊजींनी बस मध्येच उभी करून आल्यासारखा चेहरा ठेवून कोरी चिठ्ठी भिंतीला लावली, आणि त्या बाईने तिच्यावर पाव तास भाषण केलं. मौन हीसुद्धा ताकद असते म्हणे. भाऊजी नंतर आठवडाभर आपली ताकद दाखवत होते.

पण बाई चांगली निघाली. जाताना दोन गोष्टी देऊन गेली. एक म्हणजे चौकट. ती म्हणाली, माणसाचं उत्तर तुम्ही घेता, मग ते शेवटी बारीक अक्षरात का लपवता? बातमीच्या खालीच, तेवढ्याच अक्षरात, चौकटीत छापा. त्याने काही म्हटलंच नाही तर चौकट रिकामी छापा, लोकांना कळू दे. तेव्हापासून आपली ‘त्यांचं म्हणणं’ची चौकट. दुसरी गोष्ट तिने तुला सांगितली आणि तुला ती लागली. ती म्हणाली, एका माणसाच्या हिमतीवर चालणारं पत्र त्या माणसाला ताप आला की बंद पडतं. काय छापायचं, काय थांबवायचं, हे सगळ्यांनी बसून ठरवा. तू रात्री भांडी अशी घासलीस की भाऊजी बाहेर मुक्कामाला लावलेल्या बसमध्ये जाऊन बसले. म्हणालीस, मला कुठे ताप येतोय. मला ते वाक्य इथे रुळांसमोर पुन्हा पुन्हा आठवतं.

आणि त्या चौकटीतला माझा सगळ्यात मोठा पराक्रम तुला विसरता येणार नाही. बाजारातला वजनकाटे तपासणारा. भाजीवाल्या म्हाताऱ्यांचे काटे खोटे ठरवून उचलून न्यायचा, ती बातमी. मी त्याच्या घरी गेलो तर तो नव्हता. बायको ओले केस सोडून दारात बसलेली. मला उभं राहवेना, परत फेरी नको म्हणून तिलाच वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं, माझ्याकडून पेन घेतलं आणि लिहिलं, ‘घरातही असंच करतो. छापा.’ मला वाटलं, उत्तर आलं, काम झालं. आणि तू त्या दिवशी गावाबाहेर होतीस, नर्सबाईंचा चष्मा दुरुस्तीला होता, म्हातारीही नेमकी त्याच दिवशी खोकली नाही. अख्खं गाव आठवडाभर हसत होतं. पण तो माणूस दुकानात येऊन उभा राहिला तेव्हा त्याचं तोंड बघून कुणीच हसलं नाही. तू त्याची माफी मागितलीस, पुढच्या अंकात त्याचं स्वतःचं म्हणणं छापलंस, आणि भिंतीवर खडूने नियम मोठा करून लिहिलास. ज्याची बातमी त्यालाच. बायकोला नाही, भावाला नाही, बहिणीला नाही. खडूचं ते अक्षर अजून आहे ना? पुसलं असेल तर पुन्हा लिही. मला त्याचं काम पडणार आहे.

तरी माझ्या पायाची भिंगरी काही थांबली नाही. तू मला भोवरा म्हणायचीस ते उगाच नाही. दोरी गुंडाळलेली होतीच, ओढणारा भेटायचा होता. तो मामा निघाला, पोरांना परदेशी कामाला लावणारा दलाल. काय माणूस आहे! गावातल्या प्रत्येक आईला ताई म्हणायचं आणि तिच्या पोराला भाचा. गावाला मामा बनवून स्वतःला मामा म्हणवून घेणारा हाच एक. त्याने मला सांगितलं, तिकडे छापखाना आहे, चार रंगांत छापतो, कागद आपोआप आत जातो, तुझ्यासारखा यंत्राचा माणूस हवाय. तू त्याला उलटसुलट विचारलंस. छापखान्याचं नाव काय, तिथे कुणाशी बोलता येईल. तो तुला हसत उत्तर देत राहिला आणि मी तुझ्यावर चिडलो, की तू माझ्या चांगल्यातही बातमी शोधतेस. तरी तू माझी पिशवी भरलीस, बटणं पुन्हा पक्की करून घेतलीस काकांकडून, आणि बसथांब्यावर भाऊजींनी मला पुढच्या सीटवर बसवलं, स्वतःच्या शेजारी. जिथे ते कुणालाच बसू देत नाहीत.

इथली खोली सांगतो. दुमजली खाटा, खिडकी एक, तिच्याजवळची जागा आलटून पालटून. जगभरच्या चादरी धुणारे आम्ही, आमचे स्वतःचे कपडे मात्र सुट्टीच्या दिवशी बादलीत. कपडे वाळेपर्यंत करायचं काय, तर सुरुवातीला सगळे आपापल्या फोनमध्ये. एकदा भाऊजींनी नेहमीसारखा ‘चव्हाट्या’चा फोटो पाठवला, तो मी मोठ्याने वाचत होतो. सवय गं, मला मनात वाचता येतच नाही. बॉयलरवाला दादा म्हणाला, पुढे वाच. मग पलीकडच्या खाटेवरचा उंच माणूस, आपली भाषा त्याला ओ की ठो कळत नाही, तो म्हणाला, मलाही सांग. मग मी वाचायचं, दादाने अर्धं हातवाऱ्यांनी आणि अर्धं मोडक्यातोडक्या भाषेत सांगायचं, असा परिपाठ पडला. ताई, या माणसांनी आपलं गाव कधी बघितलं नाही आणि बघणारही नाहीत, दादा सोडला तर, पण खालच्या आळीच्या पाण्याचं काय झालं म्हणून उंच माणूस मला रुळावरून ओरडून विचारायचा. तपासनिसाच्या बायकोची चौकट सांगितली तेव्हा तर खालच्या मजल्यावरचे लोक बघायला आले, काय झालं म्हणून.

मग अंक यायचे थांबले. सुट्टीच्या दिवशी सगळे कपडे पिळून माझ्याकडे बघायचे आणि मी फोन पालथा ठेवायचो. उंच माणसाने हळूच विचारलं, बहिणीची तब्येत बरी आहे ना. दादा म्हणाला, आमच्या गावातही एक पत्र होतं, चांगलं होतं. एका आठवड्याला आलं नाही, मग पुढच्या आठवड्यालाही नाही. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही. चालू व्हायला किती धडधड करतं, म्हणाला, बंद पडताना आवाजच होत नाही. त्या दिवशी माझ्याने खोलीत थांबवेना. दोऱ्यांवरच्या कपड्यांमधून फेऱ्या मारत राहिलो.

आणि तिथेच मला भाऊजींचा आवाज आला. फोनवर पाठवलेला. तुझ्या नवऱ्याने आयुष्यात एका दमात एवढं बोललेलं कुणी ऐकलेलं नाही, मी ते जपून ठेवलंय. थांबे पुकारतात तशाच सुरात बोलले. म्हणाले, “अंकांचा गठ्ठा नाही. लोक बसमध्ये चढताना विचारतात. म्हातारी ठणठणीत आहे. बातमी तयार आहे, मामाची आहे. त्याने पाठवलेल्या पोरांच्या आया दर आठवड्याला काकांच्या दुकानात येऊन बसतात, त्यांनी सगळं सांगितलंय. नियमाप्रमाणे त्याला वाचून दाखवली, मग मामा येऊन गेला. ताईला म्हणाला, धाकट्याची आम्ही तिकडे नीट काळजी घेतोय हं. तेव्हापासून ती यंत्राला हात लावत नाही. कुणाशी बोलत नाही. तूही त्या बातमीत आहेस. मला वाटतं तुला ऐकायचा हक्क आहे.” आणि मग त्यांनी ती वाचून दाखवली. डेपोत, जेवणाच्या सुट्टीत, मागे कुणीतरी टायरला हवा भरत होतं. सरळ, न अडखळता, पूर्णविरामाला थांबून. माझ्यापेक्षा चांगलं वाचतात गं. आपण त्यांना उगाच गठ्ठे उचलायला ठेवलं.

ताई, बातमी चांगली झालीय. छापखाना सांगून धुलाईला पाठवलेला मी, विजेचं काम सांगून टाक्या साफ करायला लावलेला तांबटांचा मुलगा, आणि पासपोर्ट. तुला मी ते सांगितलं नव्हतं, तू त्या आयांकडून काढलंस. होय, आमचे पासपोर्ट मुकादमाच्या कपाटात असतात. हरवू नयेत म्हणून, असं म्हणतात. मागितला की उद्या, आणि दोनदा मागितला की मळक्या चादरींकडे बदली. तिथे इस्पितळाच्या चादरींमधून सुया निघतात.

तर मी काय केलं ते ऐक, आणि ऐकताना उठून उभी राहू नकोस. बातमीत मुकादम आहे, त्याला कुणी वाचून दाखवलेलं नव्हतं. तू तिकडून कशी दाखवणार? म्हणून मी गेलो. सवयीचं काम. भाऊजींचा आवाज थांबवत थांबवत मी ती आमच्या इथल्या खिचडी भाषेत करून ठेवली होती. दुपारी रूळ थंड करतात तेव्हा त्याच्या केबिनच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, आमच्याकडे एक नियम आहे. हा मुकादम म्हणजे खांबासारखा माणूस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आमच्यापैकी कुणी त्याला कधी बसलेलं पाहिलेलं नाही. मी वाचलं. बोट ओळीखाली, पंपवाल्यासमोर होतं तसंच. त्याने मध्ये एकदाच हात केला, दार लावून घे म्हणून. संपलं तेव्हा तो बसला. किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, “कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, आतल्या कप्प्याची मालकाकडे. त्या कप्प्यात माझाही आहे. मी तुझ्या आधीपासून मागतोय.” मग म्हणाला, छाप, फक्त माझं नाव नको. मी म्हटलं, काळजी करू नका, आमच्या पत्रात मुकादमाला मुकादमच म्हणतात. त्याने लिहून दिलंय, त्याच्या भाषेत. सोबत जोडलंय, खाली दादाने अर्थ सांगितलाय तसा मी लिहिलाय. त्याची चौकट त्याला दे, आमच्या चौकटीत कोंबू नकोस.

आता मला काय होईल, हा तुझा प्रश्न. मला माहीत नाही. मळक्या बाजूला टाकतील, किंवा घरी पाठवतील, मग मी घरी येईन, एवढं काय. पण मी एकटा नाही. शिबिरवालीचं वाक्य मी खोलीत सांगितलं, एकाच्या हिमतीवर नको. त्यावर बरीच बाचाबाची झाली. एकजण म्हणाला, मला लेकरं आहेत, मला यात ओढू नका, आणि तेही खरंच आहे, त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच उठून म्हणाला, पण मागायचाच असेल पासपोर्ट तर सगळ्यांचा एकदम मागा, माझाही. असं ठरलंय. एकाला हलवलं तर सगळ्यांनी रुळांपासून हात काढायचे. गुलाबी आणि हिरव्या चिठ्ठ्या नव्हत्या, नाहीतर चिकटवल्या असत्या. तूही तिकडे तेच कर ना. आयांना बोलाव, काकांना, नर्सबाईंना, भाऊजींना बोलायला लाव, आता त्यांचं तोंड उघडलंय. सगळ्यांसमोर हे पत्र वाच आणि सांग की मामा काय म्हणून गेला. तू ते एकटी गिळून बसलीस म्हणून ते तुला जड झालंय. आई गेल्यावर तू मला असंच वाढवलंस, सगळं स्वतः गिळून. मी तेव्हा लहान होतो. आता नाही.

तर हे पत्र यासाठी. बातमी माझी होती आणि तू मला वाचून दाखवली नाहीस. तू माझ्याऐवजी माझं उत्तर दिलंस. तपासनिसाच्या बायकोनंतर तूच भिंतीवर लिहिलंस ना, भावाला नाही, बहिणीला नाही? मग आपल्या भिंतीवरचं आपल्यालाही लागू आहे. तू माझ्यासाठी थांबवलंस, हे मला कळतं, आणि ते कळल्यापासून मला इथे उगाचच कुणीतरी पांघरूण घातल्यासारखं वाटतंय. पण ते काढ आता. हे माझं म्हणणं, माझ्या हाताने लिहिलेलं, चौकटीत छापायला: ‘बातमी मला पूर्ण वाचून दाखवली. ती खरी आहे. मला छापखाना सांगितला होता, इथे चादरी आहेत. कामाची लाज नाही, पण माझा पासपोर्ट माझ्या खिशात हवा. एक दुरुस्ती. बातमीत मला असहाय तरुण म्हटलंय. तो शब्द काढावा.’ एवढंच. म्हातारीला चिंधी नवीन लाव, पहिले काही कागद वाया जातील, जाऊ देत. आणि निघाला की भाऊजींना लगेच फोटो पाठवायला सांग. सुट्टीच्या दिवशी कपडे पिळून सगळे माझ्याभोवती बसणार आहेत, आणि या वेळी मला त्यांना माझीच बातमी वाचून दाखवायची आहे.

तुझाच,
भोवरा